बिनक्रोमची टाकी

नोएडातल्या आमच्या कारखान्यात विमानांचे अॅल्युमिनियमचे भाग येतात. क्रोमिक अॅसिडच्या टाकीत बुडवून, वीज सोडून, आम्ही त्यांच्यावर गंजू न देणारा थर चढवायचो. ती टाकी वीस वर्षं माझी होती. नुसत्या रंगावरून मी तिचं काय बिघडलंय ते सांगायचो.

मग युरोपातल्या गिऱ्हाईकाचं पत्र आलं. तिकडच्या रसायन-सुरक्षेच्या नियमांत हा क्रोम कॅन्सरकारक ठरला होता. कायदा तिकडचा, पण विमान कंपनीला तो पुरवठादारांकडेही नको होता. पर्याय द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. मालकांनी मला न विचारता पुण्याहून एक केमिस्ट आणली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने घरही घेतलं ते दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्याच सोसायटीत, त्यामुळे कॅब एकच.

"सर, मला अहो-जाहो नका ना करू," पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली.

"बरं," म्हणालो, आणि अहो-जाहोच करत राहिलो.

तिने क्रोम नसलेली नवी टाकी उभी केली. मीटिंगमध्ये मालक "मॅडम से पूछो" म्हणायला लागले. घरी बायको म्हणाली, "किती हुशार आहे रे ती!" मी त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून कटकट केली. मीठ बरोबर होतं.

सगळ्यात जास्त लागलं ते आमच्या जुन्या ऑपरेटरचं बोलणं. वर्षानुवर्षं माझ्या टाकीपाशी उभं राहून त्याच्या नाकातून रक्त यायचं. मी मास्क दिले होते, पंखे बसवले होते, आणि तेवढ्यावर समाधान मानलं होतं. तो तिला म्हणाला, "मॅडम, आपके टैंक पे नाक नहीं जलती." मी शेजारीच उभा होतो. त्याच्या नाकाचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

शेवटची चाचणी मिठाच्या धुक्याची होती, थर गंज धरतो का ते पाहायची. तिच्या टाकीतल्या पट्ट्या आणि तुलनेसाठी माझ्या टाकीतल्या, दोन आठवडे बंद पेटीत. क्रमांक मागच्या बाजूला. पेटी उघडायच्या दिवशी मी तिच्या आधी पोचलो. डाग सापडावा असं मनापासून वाटत होतं, आणि सापडला. एका पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, भोवती पांढरी भुकटी. इतका आनंद मला मुलीच्या निकालालाही झाला नव्हता.

पट्टी उलटली. क्रमांक माझ्या टाकीचा होता.

खोलीत कुणी नव्हतं. पट्टी खिशात घालता आली असती, एक क्षण तो विचारही केला. तेवढ्यात ती आली. मी पट्टी तिच्यापुढे धरली.

तिने भिंगातून पाहिलं. "सर, ही आधीच ओरखडली असेल. आपण ही मोजायला नको, दुसरी लावू."

ती मला वाचवत होती. तिने चिडवलं असतं तर सोसलं असतं, हा समजूतदारपणा सोसवेना.

"ओरखडा नाहीये," मी म्हणालो. "जशी आहे तशी लिहा."

अहवाल गेला, तिची टाकी मंजूर झाली. ऑडिटरने ही पद्धत कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "टाकीतून काढलेले भाग धुण्याच्या वेळा सरांच्या अनुभवावरून ठरवल्या." ते खोटं होतं. तिने विचारल्या होत्या, मी सांगितल्या नव्हत्या.

"नाही," मी ऑडिटरला म्हणालो, "सगळं काम यांचंच आहे."

माझी टाकी रिकामी करायला गाडी आली, त्या दिवशी मी रजा घेतली. आता मी नव्या टाकीवर काम करतो, तिच्याच हाताखाली. मत्सर गेला असं म्हणणार नाही. तिचं कौतुक झालं की मी अजूनही विषय बदलतो. पण धुण्याच्या माझ्या वेळा मी तिला नंतर सांगितल्या. त्यातल्या दोन तिने बदलल्या, आणि तिचंच बरोबर निघालं.