निंबा आला की लॅपटॉप बंद

धरणगावात रुपचंदला कुणी आळशी म्हणणार नाही. उलट सोपं काम अवघड करून करण्यात त्याचा हात धरणारा माणूस तालुक्यात सापडायचा नाही. दाराला कडी बसवायची तरी तो आधी दाराचा नकाशा काढतो. असा माणूस जळगावच्या चटईच्या कारखान्यात मशीन सांभाळत सुखानं म्हातारा झाला असता. पण त्यानं नोकरी सोडली, लाकडावर नक्षी कोरणारी कॉम्प्युटरवाली मशीन आणली आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडली.

बायको दिपमाला मुक्ताईनगरकडची. ती भांडत नाही, थोडक्यात टोचते. श्रावणातल्या कानबाई देवीचा उत्सव या वर्षी त्यांच्या घरी होता. रविवारी सगळे भाऊबंद जमणार, नारळाची कानबाई चौरंगावर बसणार, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक होणार. रुपचंदनं भाऊबंदांना आधीच सांगून ठेवलं होतं की चौरंगाची नक्षी आपल्या मशीनवर निघेल.

"निघाली तर मशीन राहू द्या," दिपमाला म्हणाली. "नाही निघाली, तर सोमवारी कानबाईला निरोप देऊ आणि मंगळवारी तुम्हाला. कारखान्यात अजून जागा आहे, मी विचारलंय."

मशीनला हुकूम सोडायचा एक जुना लॅपटॉप. हुकूम ठरल्या क्षणी मोटरला पोचला नाही, तर वेलीचं पान कुठच्या कुठे जातं. साध्या सिस्टिमचं कसं, आपल्याकडच्या लग्नासारखं. पत्रिकेत मुहूर्त बाराचा, अक्षता पडणार वरातीतली पोरं नाचून दमल्यावर. म्हणून रुपचंदनं लिनक्स टाकून त्यात रिअल-टाइम कर्नल बसवला. कोणतं काम कोणत्या क्षणी, हे ठरवणारा सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. आणि हा रिअल-टाइमवाला मुहूर्त म्हणून चुकवायचा नाही.

चुकवत नव्हताच. तो मध्येच मरायचा.

पान कोरता कोरता पडदा थिजायचा, माउस दगड व्हायचा, आणि मशीनचं पातं एकाच जागी गरगरत राहून सागाला काळं भोक पाडायचं. रुपचंदचे वडील कौतिकनाना यांनी जपून ठेवलेल्या फळ्यांपैकी दोन अशाच गेल्या. उरली एक.

रुपचंदनं जुना कर्नल घालून पाहिला, नवा घालून पाहिला. वायफाय बंद केलं, ब्लूटूथ बंद केलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, पंखा उघडून त्यातला कापूस काढला. इंटरनेटवर जगाला विचारलं. जर्मनीतून कुणीतरी कळवलं, "आमच्याकडे नीट चालतं." हे उत्तर रुपचंदला फार ओळखीचं वाटलं. गावचा वायरमनही फोनवर हेच सांगतो.

आणि मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. लॅपटॉप मेला की दारात निंबा उभा असतो.

निंबाची पिठाची गिरणी शेजारीच. भुवयांवर पीठ, हातात टोपी, आणि उंबऱ्यातून एकच प्रश्न: "काय भो, पडना का बंद?"

दर वेळी. इकडे पडदा थिजला की तिकडे निंबा.

रुपचंद आयटीआय झालेला, नजर-बिजर मानणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून त्यानं शास्त्रीय कारण काढलं. पिठात वावरून निंबाच्या अंगात वीज साठत असणार, ती लॅपटॉपला लागते. त्यानं गिरणीतून निंबाला हाताला धरून आणलं, चपला काढायला लावल्या आणि ओल्या पोत्यावर उभं केलं. निंबा देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहिला. कर्नलला काही झालं नाही. कोरड्या फरशीवर उभं केलं. तरी नाही.

"म्हणजे बोलावून आणलेला निंबा चालतो, आपणहून आलेला चालत नाही," रुपचंद गंभीरपणे म्हणाला.

"मग रोज आमंत्रण धाडत जा," दिपमाला म्हणाली. "मानाचा नारळ देऊ का सोबत?"

शेवटी शास्त्र बाजूला पडलं. "भाऊ, कानबाई होईपर्यंत इकडे येऊ नकोस," त्यानं निंबाला सांगितलं. निंबानं टोपी मांडीवर झटकली, पीठ उडालं, आणि तो गेला.

शुक्रवारी रुपचंदनं एका टाकाऊ फळकुटावर मशीन सोडली. निंबा नाही, कुणी नाही. वेल झकास निघत होती, आणि पडदा थिजला.

आता हा खिडकीतून डोकावला की काय! रुपचंद तणतणत बाहेर आला. निंबा गिरणीच्या ओट्यावर पाठ करून बसला होता. समोर रोटांच्या गव्हाचे डबे मांडून बाया दळणासाठी ताटकळलेल्या.

"निंबा, दयन कसाले बंद करं?"

निंबानं मान वळवली नाही. "लाइट गयी ना. आते बठ्ठं हाथवर दयू का?"

रुपचंदनं मागे वळून स्वतःच्या घरात पाहिलं. पंखा फिरत होता. ट्यूब जळत होती.

घरात बोर्ड दोन. एक इन्व्हर्टरवरचा, एक सरळ लाइनवरचा. आणि इन्व्हर्टरवर फालतू लोड टाकायचा नाही हा नानांचा कायदा. मशीन इन्व्हर्टरवर, पंखा-ट्यूब इन्व्हर्टरवर. लॅपटॉप मात्र सरळ लाइनवर. "त्याले सोतानी बॅटरी शे ना," नाना म्हणाले होते, आणि रुपचंदलाही ते पटलं होतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किंचाळायचा. त्यानं नानांची दुपारची झोप मोडते म्हणून त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती. ती रुपचंदनंच. त्यामुळे लाइट गेलेली घरात कुणाला कळायचीच नाही. कळायची फक्त लॅपटॉपला, आणि निंबाला. लॅपटॉप बॅटरीवर जाताना कर्नल मरायचा, आणि गिरणी थांबली की रिकामा झालेला निंबा गप्पा मारायला यायचा.

रुपचंद आत गेला, लॅपटॉप पुन्हा चालू केला, चार्जरची पिन उपटली. थिजला. पुन्हा चालू, पुन्हा उपटली. थिजला. इतक्या आनंदानं आपलं काम बंद पडताना कुणी पाहिलं नसेल.

कर्नलचं दुखणं काय ते सावकाश शोधता येणार होतं. कानबाई परवावर होती. त्यानं लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेतला.

"लोड पडी," नाना म्हणाले.

"मग तुमचा पंखा सरळ लाइनवर टाकू," दिपमाला म्हणाली. सुनेपुढे नानांचा कायदा चालत नाही.

शनिवारी शेवटची फळी मशीनवर चढली. वेलीनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, मधलं कमळ उमलायला लागलं, आणि नानांचा पंखा हळूहळू थांबला.

"लाइट गयी रे!" नाना ओरडले.

शेजारची गिरणी थांबली. रुपचंदनं डोळे मिटले. पातं मात्र आपल्या मुहूर्तावर पाकळी कोरत राहिलं, आणि थोड्या वेळानं उंबऱ्यापासून दोन हात लांब निंबा येऊन उभा राहिला. पाय आत टाकेना. मानच तेवढी लांब केली.

"येऊ का?"

रुपचंदनं खुर्चीवरचा भुसा शर्टाच्या बाहीनं पुसला. "ये ना भो. बठ."

निंबा चपला काढून आत आला आणि सवयीनं ओलं पोतं कुठं आहे ते शोधायला लागला.