दात दुखणारा हत्ती

त्या वर्षी सूत मिळेनासं झालं आणि सोलापुरात भवानी पेठेतले माग आळीपाळीनं बंद राहायला लागले. मी मागावरच होतो. हाताला काम राहिलं नाही, तेव्हा मी हत्ती झालो.

आमच्या पेठेत दंतमंजन काढणारा एक छोटा कारखानदार होता. माल बरा होता, पण सोलापूरबाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. त्यानं एक जुनी जीप घेतली, टपावर कर्णा बसवला आणि गणपती करणाऱ्या कारागिराकडून कागदाच्या लगद्याचं हत्तीचं भलंमोठं डोकं करून घेतलं. सुळे पांढरेशुभ्र. अंगात गोणपाटाचा झगा, हातात कापूस भरलेले जाड मोजे. डोकं डुगडुगू नये म्हणून ते मानेमागं चामड्याच्या वादीनं आवळून बांधायचे, आणि मोजेही त्याच वादीत अडकवलेल्या दोरीनं खेचून धरलेले असायचे. माझं मला ते कधीच सोडता यायचं नाही. दिसायचं ते सोंडेच्या वरच्या दोन भोकांतून. बोललेलं बाहेर नुसतं घुमायचं.

आम्ही तिघं दोस्त एकाच गल्लीतले. जीप चालवायचा त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. घरात तेलुगू बोलणारा, अंगानं थोराड, बोलायला कमी. माइकवर बोलायचा तो अक्कलकोटकडचा. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायचा आणि गप्प बसणं त्याला जमायचं नाही. पहिला खेळ आम्ही सोलापुरातच, सात रस्त्याच्या चौकात केला. खेळ असा की हत्तीचा दात दुखतो. तो सुळा धरून कळवळतो, गडाबडा लोळतो, लोकांच्या पायाशी जाऊन हात जोडतो. लोक पोट धरून हसतात. मग अण्णा डबी घेऊन येतो, सुळ्याला मंजन चोळतो आणि हत्ती टुणकन उठून नाचायला लागतो. तेवढा एकच खेळ आमच्याकडं होता आणि तो गावोगाव चालायचा.

दिवाळी झाल्यावर मालकानं आम्हाला कोकणात पाठवलं. तिघांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. घाट उतरून पहिल्यांदा तो दिसला तेव्हा अण्णानं जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद करून नुसता बघत बसला. माइकवाल्यानं खाली उतरून डोळ्यांवर हात धरला. मग म्हणाला, "आपलं हिप्परगा तळं ह्याच्यापुढं डबकंच की रे."

किनाऱ्यानं खाली जात आम्ही खेळ करत होतो. एका सकाळी मच्छीमारांच्या एका वाडीत खेळ झाला. गर्दी चांगली जमली, डब्याही खपल्या. पुढच्या गावात बाजार होता. सडकेनं खाडीला मोठा वळसा पडत होता, पण ओहोटीला ओल्या वाळूवरून बैलगाड्या जातात असं कुणीतरी सांगितलं. वाळू दगडासारखी घट्ट दिसत होती. अण्णा म्हणाला, "जाऊ की हितनंच." पुढं लगेच खेळ करायचा म्हणून मी डोकं काढलंच नाही. जीपच्या मागच्या बाजूला उभा राहून मी वारा खात चाललो होतो.

वाडी मागं पडली आणि सुरूची झाडं आडवी आली. तिथं एक बारीक ओहळ समुद्राला मिळत होता. त्याच्या काठाशी वाळू दिसायला तशीच होती, पण मागचं चाक त्यात बसलं ते बसलंच. अण्णानं जॅक लावला, खाली फळी सरकवली आणि चाकाखाली दगड घालायला आडवा होऊन आत शिरला. जॅक वाळूत तिरका झाला. जीप कण्हल्यासारखी झाली आणि खाली बसली. अण्णा ओरडला नाही. "आई गं" एवढंच म्हणाला, अगदी हळू.

त्याचा पाय गुडघ्याच्या खाली अडकला होता. आम्ही दोघांनी खांदे लावले. जीप हलली, पण वर येण्याऐवजी आणखी खाली गेली आणि अण्णानं माझा झगा मुठीत धरून "नको, नको" म्हटलं. आम्ही हातांनी वाळू उकरायला लागलो. माझ्या हातात ते जाड मोजे. उकरलेल्या खड्ड्यात पाणी भरत होतं. ओहळाचं पाणी असेल असं मला वाटलं. माइकवाल्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. पाणी खारट होतं.

समुद्र परत येत होता. आम्हा सोलापूरच्या लोकांना पाणी कमी होतं एवढंच माहीत. ते असं चालत येतं हे आम्हाला कुठं ठाऊक!

"वाडीत जा, मानसं आन," माइकवाला म्हणाला. मी पाठ वळवून त्याला मान दाखवली. त्यानं वादी सोडायचा प्रयत्न केला, पण भिजून गाठ अशी फुगली होती की नख शिरत नव्हतं. तेवढ्यात एक लाट अण्णाच्या पाठीवरून गेली. मोजे घातलेल्या हातांनी मला अण्णाला धरता आलं नसतं. त्यानं गाठीचा नाद सोडला, अण्णाच्या मागं बसून त्याला छातीशी धरून उठवलं आणि माझ्यावर खेकसला, "तसाच पळ की रे!"

मी पळालो. गोणपाट भिजून पायांना चिकटत होतं. भोकांतून वाळूचा एक तुकडा दिसायचा, मग आभाळाचा, मग परत वाळूचा. दोनदा पडलो. सुरूची झाडं ओलांडली तेव्हा समोर पोरांचा आवाज आला.

"हत्ती इलो! हत्ती परत इलो!"

पोरं धावत आली, त्यांच्यामागं बायका आणि जाळी सोडून पुरुषही आले. मी ओरडलो, "गाडीखाली मानूस हाय! चला!" आत माझेच कान फुटायची वेळ आली, पण बाहेर गेलं ते सकाळसारखंच घुमणं. लोक हसायला लागले. मी हात जोडले. ते आणखी हसले. मी एका माणसाचा दंड धरून त्याला ओढायला लागलो, तर तो माझ्याबरोबर नाचल्यासारखं करायला लागला. मी समुद्राकडं हात केला. सगळ्यांनी तिकडं बघितलं. झाडांपलीकडं जीप दिसत नव्हती. त्यांनी परत माझ्याकडं बघितलं.

मग मला काही सुचेना. मी गुडघ्यावर बसलो, वाळूवर हात आपटले आणि खरोखर रडायला लागलो. एक म्हातारा टाळ्या वाजवत म्हणाला, "मंजन लावा रे तेका! दात दुखता तेचो!"

माझ्या डोळ्यांपुढं अण्णाच्या पाठीवरून जाणारी ती लाट होती. भोवती पाय, हसणारी तोंडं, आणि मी मधोमध. मी दोन्ही हातांनी स्वतःच्या गळ्याशी झटापट करायला लागलो, ओरबाडून डोकं निघतंय का बघायला. श्वास खरंच कोंडला होता.

एक बाई मासे साफ करत बसली होती. ती कोयती घेऊनच उठली आणि गर्दीत शिरली.

"गप रवा मेल्यांनो! तेचो जीव घुसमटता!"

तिनं माझी मान खाली दाबली. थंड पातं कातडीला लागलं. मी हललो नाही. वादी तुटली आणि एकदम उजेड आला.

"गाडीखाली मानूस हाय," मी म्हणालो. "पानी चढतंय."

एवढं म्हणायचा अवकाश, हसणं थांबलं. त्यांनी काही विचारलं नाही. होड्या ओढायचे ओंडके आणि लांब वासे उचलून पुरुष धावत सुटले, मी त्यांच्यामागं.

जीपपाशी पोचलो तेव्हा पाणी अण्णाच्या हनुवटीला लागलं होतं. माइकवाला त्याच्या पाठीमागं पाण्यात बसून, त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर धरून, न थांबता बोलत होता. "हां, आता चहाचं हॉटेल गेलं, आता डावीकडं वळ. कोपऱ्यावर कोन दिसतंय? सायकलवाला न्हाय का? त्याला रामराम घाल..." सात रस्त्यापासून आमच्या गल्लीपर्यंत तो अण्णाला चालवत नेत होता. अण्णाचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते.

वासे जीपखाली घातले, ओंडक्यांवर टेकवले आणि सगळ्यांनी एका हाकेला जोर लावला. पहिल्यांदा नुसता चिखल उसळला. दुसऱ्यांदा जीप वर आली आणि माइकवाल्यानं अण्णाला बगलेत धरून मागं ओढलं. अण्णा तेव्हा ओरडला. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी पाण्यातच खाली बसलो.

पाय घोट्याच्या वर मोडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. जीप पुढच्या ओहोटीला वाडीतल्या लोकांनीच ओढून काढली, पण चालवायला कुणी नव्हतं म्हणून ती तिथंच राहिली. त्या बाईच्या घरून रोज पेज आणि माशाचं कालवण येत होतं. आमच्या घरी मासे चालत नाहीत. मी ते मुकाट्यानं खाल्लं.

माइकवाला मात्र माझ्याशी बोलत नव्हता. एरवी ज्याचं तोंड थांबायचं नाही, तो माझ्याकडं बघून मान फिरवायचा. परत येताना एसटीत अण्णाला मागच्या लांब बाकावर निजवलं, आणि आम्ही दोघं शेजारी बसलो. घाट चढून गाडी वर आली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"एवडा येळ कुटं व्हतास तू?"

मी त्याला सगळं सांगितलं. ती टाळी, तो नाच, मंजन लावा म्हणणारा म्हातारा. तो म्हणाला, "मी तितं शिव्या घालत व्हतो तुला. पळून गेला म्हनलं."

"आन मी?" मागून अण्णाचा आवाज आला. तो जागा होता. "मी काय म्हनत व्हतो, ते इचारा की."

आम्ही दोघांनी मागं वळून बघितलं.

"मी म्हनत व्हतो, त्याला पवता येत न्हाय. एवड्या पान्यात तो कुटं गेला?"

सोलापूरला उतरलो तेव्हा अण्णाची बायको टांगा घेऊन आली होती. आम्ही दोघांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची बैठक केली आणि त्याला उचलून टांग्यात बसवलं. माइकवाल्यानं माझ्या मनगटाची पकड टांगा हलेपर्यंत सोडली नाही.