चांदीसारखा तलाव

सूनबाईने आज मी काढलेला तलावाचा जुना फोटो पुसून पुन्हा भिंतीवर लावला. "बाबा, तलाव अगदी चांदीसारखा दिसतो," म्हणाली. वैतागलो. ती चमक मेलेल्या माशांच्या पोटांची आहे.

चाळीस वर्षांपूर्वी गोंदियाजवळच्या भातगिरणीच्या घाणीने तो तलाव हिरवा पडून सडला होता. तिथे मासे धरणाऱ्या सुखदेवला तक्रारीच्या अर्जाला फोटो जोडायचा होता. "रंगीतच काढजो गा भाऊ, हिरवं दिसलं पायजे."

पण मला सडकं पाणी रंगात भडक वाटायचं. मी कृष्णधवल काढला. तहसील कचेरीतल्या साहेबांनी फोटो पाहून शेरा मारला, 'पाणी स्वच्छ दिसते', आणि अर्ज फेटाळला.

"काऊन असा केला गा?" सुखदेवने विचारलं.

रंगीत रोल संपला होता, असं मी सांगितलं. तो माझ्या पिशवीतच होता.