धुतलेल्या हातांचा गंज

सतराव्या सुरीवरचा मेणकागद उलगडला आणि पातं उजेडाला धरलं. पात्याच्या मधोमध तांबूस डाग. काल नव्हता. श्रावण अर्धासुद्धा सरला नव्हता आणि पेटीतल्या बावीस सुऱ्यांपैकी पाच गंजल्या होत्या.

सुऱ्या आमच्या शेठच्या. पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत मी इंजिन फिटर होतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. शेठना सुऱ्यांचा भारी नाद. शिकारीच्या होत्या, मिटणारे चाकू होते, आणि एक त्यांच्या वडिलांची, पात्यावर बारीक वेल कोरलेली. खंडेनवमीला गिरणीत इंजिनाची आणि हत्यारांची पूजा होई, तेव्हा सगळ्या पाटावर मांडत. त्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईला लेकीकडे निघाले. घर बंद राहणार, म्हणून पेटी माझ्या खोलीवर आली.

"गणपत, तुला लोखंड कळतं. खंडेनवमीला जशा दिल्या तशा परत पाहिजेत."

"होय शेठ," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आधीच्या फिटरला एक पाना मोडला म्हणून त्यांनी त्याच दिवशी खोली खाली करायला लावली होती. त्या खोलीत आता आम्ही राहत होतो, आणि बायकोला सातवा लागला होता.

काम मी रीतसर केलं होतं. कातडी म्यानं बाजूला काढली. कातडं ओल धरून ठेवतं, आत पातं गंजतं. पाती रॉकेलने पुसली, व्हॅसलिनचा पातळ हात दिला, मेणकागदात गुंडाळली. पेटीच्या कोपऱ्यात चुनकळीचं, न भिजवलेल्या चुन्याच्या खड्यांचं, छोटं मडकं ठेवलं. चुनकळी हवेतली ओल ओढून घेते. बंद पेटीत ती महिनाभर तरी पुरायला हवी होती. माझी आठवड्यात फुलून भुगा झाली.

मग माझी झोपच उडाली. रोज गिरणीतून आलो की साबणाने हात घासून ग्रीस काढायचो. पूजेच्या वस्तू, मळक्या हाताने कशा शिवायच्या? मग एकेक सुरी उघडायची, व्हॅसलिन पुसायचं, पात्यावरून अंगठा फिरवायचा. डाग दिसला की पॉलिश पेपर मारून पुन्हा व्हॅसलिन. दुसऱ्या दिवशी नवा डाग हजर. गिरणीच्या फाटकाशी टांगा थांबला तरी शेठ आले वाटून हातातलं काम टाकून बघायला धावायचो.

व्हॅसलिन बदललं. कागद बदलला. भिंतीची ओल असेल म्हणून पेटी चुलीजवळ नेली. डाग वाढतच होते.

बायको उरणकडची, मिठागरावर काम करणाऱ्यांच्या घरातली. भाकऱ्या थापता थापता एकदा म्हणाली, "अवो, आजून किती येला उघडाल ती पेटी?"

"बघायला नको? गंजतायत गो."

"दावा बरं." तिने हात पुसले, शेठच्या वडिलांच्या सुरीची मूठ धरली आणि पातं उजेडाकडे केलं. "ह्यो डाग बघा. ह्यो तुमचा आंगठा हाय."

मी अंगठा जवळ नेला. तंतोतंत बसला. रेषासुद्धा उठल्या होत्या.

"आमच्याकडं घामाच्या हातानं फावड्याच्या पात्याला कोन शिवत नाय," ती म्हणाली. "घामात पन मीठच हाय ना?"

मी माझे धुतलेले हात उजेडाकडे केले. काही जणांचा घाम लोखंडाला फार लागतो, हे फिटर लोकांना ठाऊक असतं. माझा तसा आहे हे मला कळलंच नव्हतं, कारण गिरणीत हात कायम तेलात. घरी मी ते तेल धुऊन टाकत होतो, भीतीने घामेजलेले हात पात्यांवर फिरवत होतो आणि वर व्हॅसलिन थापून तो घाम आत कोंडत होतो. रोज उघडलेल्या पेटीत ओली हवा शिरत होती ती वेगळीच.

हातांना तेल चोळून सगळ्या सुऱ्या एकदा शेवटच्या साफ केल्या. एकवीस स्वच्छ निघाल्या. वडिलांच्या सुरीवरचा अंगठा खोल गेला होता. आणखी घासलं असतं तर कोरलेली वेल गेली असती. ताजी चुनकळी घालून पेटी बंद केली आणि खंडेनवमीपर्यंत उघडली नाही. ते दिवस सगळ्यांत वाईट गेले.

शेठ काळा चष्मा लावून आले. मला वाटलं, कदाचित दिसणार नाही. वडिलांची सुरी हातात घेतली आणि त्यांनी चष्मा काढला.

"हे काय?"

"माझा अंगठा, शेठ. रोज उघडून बघत होतो. भीतीने."

"कसली भीती?"

"तुमची."

त्यांनी सुरी पाटावर ठेवली, कुंकवात बोट बुडवलं आणि नेमकं त्या डागावर टेकवलं. पूजेला जमलेल्या कुणालाच तो दिसला नाही.

पुढच्या पावसाळ्यात शेठ दुसऱ्या डोळ्यासाठी मुंबईला निघाले आणि पेटी पुन्हा माझ्याकडे आली. मुलगी तेव्हा रांगत होती. या खेपेला शेठनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून गेले. एकाही पात्याला डाग पडला नाही. सुऱ्या राखायला व्हॅसलिन, मेणकागद आणि चुनकळी पुरतात. कुलूप लागलं ते माझ्यासाठी.