उपटलेलं गोड रोप

आज गच्चीवर टोमॅटो तोडताना बोटांना पानांचा तो उग्र, हिरवा वास लागला आणि देशपांडे नगरातली आमची जुनी गच्ची आठवली. माझी थोरली बहीण, अक्का, तिथं सारासाठी आंबट टोमॅटोचं नवं वाण घडवत होती. दरवर्षी आंबट फळांचंच बी राखायची. चौथ्या वर्षी एक रोप फळांनी नुसतं वाकलं होतं. अक्कानं त्याचं एक फळ चाखलं आणि रोप मुळासकट उपटलं. मला रडूच आलं.

"गोड आहे गं," ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच नको. याचे पराग आंबट रोपांत मिसळतील."

तेव्हा ती मला निर्दय वाटली होती. आज तिच्याच बियांच्या बारा रोपांची फळं मी एकेक करून चाखली. सगळी सारखीच आंबट. उपटायला एकही रोप सापडलं नाही.