नंदूला ड्रायसूट घेताना

चार माणसं दर आठवड्याला एकाच किनाऱ्यावर भेटायला लागली की किस्से आपोआप साठतात. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. कुवेतमधल्या आमच्या अबू हलीफाच्या ग्रुपकडे असा बराच साठा आहे आणि त्यातला मोठा गठ्ठा नंदूच्या ड्रायसूटचा आहे.

ग्रुप म्हणजे मी, नंदू, नंदूची बायको शुभांगी आणि सुरेश तांडेल. नंदू आणि मी अहमदीला एकाच ऑफिसात, तो पायपिंगला, मी लॅबमध्ये काम करते. सुरेश वेल्डर, मालवणकडचा, मंगफला मित्रांबरोबर रूमवर राहतो. शुक्रवारी सकाळी वारा असला की आम्ही तिघं शिडाचे बोर्ड घेऊन पाण्यात आणि शुभांगी थर्मास घेऊन वाळूवर. विंडसर्फिंग तिला शिकायचं नाही. "आपल्यातलं कुणीतरी कोरडं राहायला हवं," असं तिचं म्हणणं.

कुवेतमध्ये कसली आलीये थंडी, असं पुण्याचे लोक विचारतात. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटल्यावर या, पाण्यात पाय घाला, मग बोलू.

*

या सगळ्याची सुरुवात काही हसण्यासारखी नव्हती. नंदू अंगानं अगदी काटकुळा. त्या जानेवारीत नेहमीचा वेटसूट घालून गेला. वेटसूटमध्ये थोडं पाणी शिरतं आणि ते अंगाच्या उबेनं तापतं, पण मुळात अंगातच ऊब कमी असेल तर तापणार काय? तो पडला, आणि शीड काही त्याला उचलता येईना. बोटंच वळत नव्हती. सुरेशनं आपला बोर्ड सोडला आणि त्याला ओढत काठावर आणलं.

शुभांगीनं विचारलं, "बरा आहेस ना?"

नंदूनं उत्तर दिलं, पण ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. चहाचा कप हातात दिला तर तो सरळ वाळूत पडला.

तासाभरानं तो माणसात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या थंडीत असा आलास, तर त्याच दिवशी बोर्ड विकायचा."

इथे उन्हाळ्यात वारा भरपूर असतो, पण वाळूवर पाय ठेववत नाही. थंडीतलं पाणी गेलं तर वर्षच गेलं, हे नंदूला ठाऊक होतं. आठवडाभर ड्रॉइंगं तपासून वाकलेला हा माणूस शीड हातात आलं की चक्क उंच दिसतो. हे शुभांगीलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती थर्मास घेऊन येते.

*

मग ड्रायसूटचा शोध सुरू झाला. ड्रायसूट म्हणजे पाणी आत शिरूच न देणारा सूट. मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्टे, पायात जोडलेले मोजे, आणि आत आपल्याला हवे तेवढे गरम कपडे.

नंदू आधी इथल्याच एका दुकानात गेला. केरळचा सेल्समन होता. थंड पाण्यासाठी सूट पाहिजे म्हटल्यावर त्यानं नंदूला दोनदा विचारलं, "कुवैत में?" मग आत गेला आणि पिवळाधमक, डोक्यापासून पायापर्यंतचा एक अंगरखा घेऊन आला.

"सर, एकदम वॉटरप्रूफ. ॲसिडप्रूफ भी."

नंदूनं तो ओळखला. आमच्या प्लांटमध्ये ॲसिडच्या टाकीजवळ असे सूट खुंटीला टांगलेले असतात.

"अरे भाई, ये तो मेरे ऑफिस के बाहर लटकता है."

सेल्समननं शांतपणे त्याची परत घडी केली. "तो सर, उधर से ही ले लो ना."

*

शेवटी परदेशातून मागवायचं ठरलं. कंपनीला मापं हवी होती, आणि किती हवी होती! मान, मनगट, घोटा, खांद्यापासून मांड्यांमधून फिरून परत खांद्यापर्यंत. शुभांगी म्हणाली, हे माझ्या टेपचं काम नाही. म्हणून नंदू मंगफच्या टेलरकडे गेला. लखनौचे वयस्कर मास्टरजी. त्यांनी टेप गळ्यात अडकवला.

"साहब, शेरवानी?"

"नहीं मास्टरजी, समंदर में पहनना है."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मास्टरजींची पद्धत नाही.

"तो फिर चूड़ीदार मत लीजिए साहब. गीला हो के उतरता नहीं."

*

निवड करताना घरात ज्या चर्चा झाल्या, त्यातल्या निम्म्या मी स्वतः ऐकल्या आहेत. चेन पाठीवर की समोर? पाठीवर असली तर हात मोकळे राहतात, असं नंदूनं कुठेतरी वाचलं होतं. शुभांगीनं निकाल दिला, "समोर. तुझी चेन लावायला मी दर शुक्रवारी वाळूवर उभी राहणार नाही."

सूटच्या फोटोत खाली मांड्यांपाशी आणखी एक छोटी चेन होती. ती कशासाठी, हे तिनं मला विचारलं. मी तिला सांगितलं. ती बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघ, कुणीतरी विचार करून बनवलाय हा."

मापाचाही घोळ होता. सूट फार सैल घेतला तर पाण्यात पिशवीसारखा फुगतो, फार घट्ट घेतला तर आत स्वेटर मावत नाही. नंदूच्या आईनं नाशिकहून जाड लोकरीचा स्वेटर पाठवला होता. तो घालून त्यानं परत मापं घेतली. त्या भाबड्या बाईंना वाटलं, पोराला ऑफिसात एसीची थंडी वाजते.

*

सूट आला, पण मानेचा पट्टा फार आवळत होता. नंदूचा चेहरा दोन मिनिटांत टोमॅटो झाला. सुरेश म्हणाला, "थांबा नंदूभाऊ, माझ्याकडे उपाय आसा." आणि त्यानं नंदूच्या मानेला खोबरेल तेल चोळलं. पट्टा असा सरकला की सुरेशनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सूटबरोबर आलेला कागद मी वाचत होते. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, रबराला तेल लावू नये, रबर खराब होतं.

मग आम्ही तिघं बाथरूममध्ये. सुरेश साबण लावतोय, मी पाणी ओततेय आणि नंदू टबमध्ये उभा, मानेपर्यंत सूटमध्ये. शुभांगी दारात उभी राहून म्हणाली, "एवढा खर्च करून आणलेल्या वस्तूनं पहिली आंघोळ घरातच केली."

त्या दिवसापासून पट्ट्याला बेबी पावडर लागते. सुरेशचं मत मात्र अजून बदललेलं नाही. "रबरच हलका असतला," म्हणतो.

*

पट्टा सैल करायचा खरा उपाय म्हणजे तो कशावर तरी ताणून रात्रभर ठेवायचा. शुभांगीच्या घरात त्या मापाची एकच वस्तू होती, मोठा कुकर. तिनं सूटची मान कुकरवर चढवली, सूट डायनिंगच्या खुर्चीत बसवला आणि कुकर वर खुर्चीच्या पाठीला टेकवला. हात टेबलावर आले. कुणीतरी जेवायला बसलंय आणि डोक्याच्या जागी कुकर आहे, असं ते दृश्य.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, हे ती विसरली नव्हती, पण कुकर आवरायचा राहिला. पहिली बाई आत आली आणि दारातच थबकली. तिनं हळूच हात लावून बघायला बोट पुढे केलं.

नंदूची मुलगी ईशा सोफ्यावरून म्हणाली, "डोन्ट टच हिम, आँटी. हिज नेक इज गेटिंग बिगर."

*

पहिल्यांदा समुद्रात गेला तेव्हा आत हवा राहिली होती. पाण्यात उतरायच्या आधी उकिडवं बसून, मानेचा पट्टा बोटानं ताणून ती हवा काढायची असते. नंदू ते विसरला. पडला तेव्हा हवा पायांकडे गेली आणि पाय वर आले. शुभांगी किनाऱ्यावरून मोजे बघत होती. मी जाऊन त्याला सुलटा केला. त्याचे पहिले शब्द होते, "कोरडा आहे."

पुढच्या शुक्रवारी मात्र तो तासभर फिरून आला आणि त्याचा चेहरा पडला. आतला स्वेटर ओला होता. सूट गळतोय, परत पाठवावा लागणार, थंडी संपणार, बोर्ड जाणार, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, "अरे, घाम असेल. तू काय कमी कपडे घातलेस आत?"

"कशावरून घाम? समुद्रच असेल."

आणि त्या पायपिंग इंजिनियरनं स्वेटरची बाही पिळली आणि चक्क जीभ लावून बघितली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो म्हणाला, "खारट आहे. समुद्रच आहे."

सुरेश शीड गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "घाम काय नि दर्याचा पाणी काय नंदूभाऊ, दोनय खारटच."

घरी जाऊन सूट उलटा केला, मान-मनगटं बांधली, आत हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. त्यानंतर आईचा स्वेटर कपाटात गेला आणि आत पातळ लोकरी कपडे आले.

*

आता शेवटचा. त्याच थंडीतला, वारा जोराचा होता त्या शुक्रवारचा.

सुरेश ड्यूटीवर होता. मी दमून लवकर बाहेर आले. शुभांगीनं मला चहा ओतला आणि आम्ही दोघी नंदूचं शीड बघत बसलो. ते लांब गेलं, वळलं, आडवं झालं. नंदू पडला असणार, आता उठेल, म्हणून आम्ही वाट बघितली. शीड उठलंच नाही. मग लाटांत ते दिसेनासंही झालं.

मी तटरक्षकांना फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि बोट पाठवतो म्हणाला. वारा उत्तरेचा होता, म्हणजे नंदू दक्षिणेकडे वाहत जाणार. आम्ही गाडी काढली. मंगफच्या बाजूनं किनाऱ्याला लागून निघालो. इमारतींमध्ये जिथे फट दिसेल तिथे थांबायचं, उतरून समुद्र बघायचा, परत बसायचं. हीटर लावू का म्हटलं तर शुभांगीनं मानेनंच नको म्हटलं. तिची चप्पल किनाऱ्यावरच राहिली होती, हे मला खूप नंतर दिसलं.

फहाहीलच्या अलीकडे वाळूवर एक कुवेती कुटुंब निखारे पेटवून बसलं होतं. म्हातारा, म्हातारी आणि त्यांच्या सुना-नातवंडं. त्यांच्या मधोमध गालिच्यावर मांडी घालून नंदू. शेजारी बोर्ड, शीड नाही. अंगावर म्हाताऱ्याचा फरवा, म्हणजे आतून लोकर लावलेला तो पायघोळ झगा, जो इथले लोक थंडीत तंबूत घालून बसतात. एका हातात चहाचा छोटा ग्लास, दुसऱ्यात खजूर.

आम्हाला बघून तो उठला. "शिडाचा सांधा तुटला," म्हणाला. "शीड सोडून दिलं. बोर्डवर पालथा पडून हातांनी वल्हवत आलो. शुभा, मी ठीक आहे. खरंच, अजिबात गारठलो नाही."

मी बाजूला होऊन तटरक्षकांना फोन केला, माणूस सापडला म्हणून. माझी नजर मात्र त्या दोघांकडेच होती. शुभांगी सरळ त्याच्यापाशी गेली. त्याच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. तिनं फरवा बाजूला केला, सूटची चेन ओढली आणि हात आत घालून त्याच्या छातीवर ठेवला.

नंदू दचकून मागे सरकला. "अगं, किती गार हात आहेत तुझे!"

ती तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

म्हातारी हे सगळं बघत होती. ती उठली, गुडघ्याला हात लावत, सावकाश. तिनं नंदूच्या खांद्यावरून फरवा काढून घेतला, शुभांगीच्या अंगावर घातला आणि गळ्याशी घट्ट आवळला. मग तिला निखाऱ्यांपाशी बसवलं, तिचे अनवाणी पाय झग्याच्या आत सरकवले आणि सुनेला म्हणाली, आता चहा हिला दे, त्याला पुरे झाला.