गॅलरीतला टॉवेल

स्वारगेटजवळ छत्रीखाली एक किल्लीवाले बसतात. किल्ली कुठेही बनते, पण लोक थेट वारज्याहून यांच्याकडे येतात, ते गोष्ट ऐकायला. कानशीच्या तालावर गोष्ट चालते. मी ऐकली ती अशी:

"एक साहेब होते. वाऱ्याने दार लागलं आणि गॅलरीत अडकले. अंगावर फक्त टॉवेल!"

इथे कानस थांबते. गिऱ्हाईक पुढे वाकतं.

"आणि खाली अख्खी सोसायटी!"

ते साहेब म्हणजे मी. यांनीच मला सोडवलं, हे खरं. पण मी पॅन्ट-शर्टात होतो, पायात मोजेसुद्धा होते. खाली फक्त इस्त्रीवाले होते आणि त्यांनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

परवा मेहुण्यांना किल्ली करायला घेऊन गेलो. किल्लीवाल्यांनी मला अदबीने नमस्कार केला आणि माझ्यादेखत तीच गोष्ट सांगितली. मेहुणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी हळूच म्हटलं, "अहो, टॉवेल नव्हता, तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे ना," किल्लीवरचा कीस फुंकत ते म्हणाले. "रोजच्या गोष्टीत तो नसतोच. आज तुम्ही समोर होतात, म्हणून ठेवला."